बाय, बोटीवर जाऊ का?

खालापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. बायस,
सहदेवचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून पत्र. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशावर बारीक अक्षर काढलं, तेव्हा माझं अक्षर तुला लागायला हरकत नाही.

गेल्या महिनाअखेरीस मी निवृत्त झालो. कचेरीत शाल-नारळ झाला. मी खिडकीपाशी मास्क लावून बसलो होतो. सगळ्यांनी चांगलं बोलून घेतलं आणि पेढे खाल्ले. माझा पेढा मी नातीसाठी, समिधासाठी घरी आणला.

आता मुद्द्याचं. निवृत्तीची भेट म्हणून ऋषिकेशने बोटीची तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीत मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, चार रात्री पाण्यावर राहून परत. तो, सूनबाई सुप्रिया, समिधा आणि मी. सुप्रियाने फोटो दाखवले. नऊ मजली बोट, आत हॉटेल, दुकानं, नाटकगृहसुद्धा. मी नाही म्हटलं, तर पोरगा जेवणावरून उठून गेला.

तूच त्याला समजाव. ऑपरेशनच्या वेळी तपासणीत निघालं होतं, माझ्या रक्तात कांजिण्यांविरुद्ध काहीच ताकद नाही. लस आधी घ्यायला हवी होती, पण तेव्हा तेवढी सवड नव्हती. आता घेता येत नाही, कारण ती जिवंत जंतूंची लस. तुझी किडनी माझ्या अंगाने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्या अंगातल्या पहारेकऱ्यांनाच झोपवून ठेवतात. दुसऱ्याला आठ दिवस खाज सुटेल, मला ते छातीपर्यंत जाऊ शकतं. आणि बोटीवर दोन हजार माणसं, सगळ्यांना मिळून एक जेवणघर.

बाय, तुझी वस्तू माझ्या पोटात आहे. चार वर्षं ती जिवापाड सांभाळली. तुझ्या हर्षलाच्या लग्नाला आलो नाही, तेही त्यासाठीच. आता हौसेपायी ती घालवली तर तुला तोंड कसं दाखवू?

दाजींना नमस्कार. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
सदू


पळसदरी,
१७ नोव्हेंबर

चि. सदूस,
बायचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. मी हातातून काढून घेतलं. म्हटलं, माझे कान गेलेत, डोळे नाय.

आमी दोघं बरी हाव. झोडणी झाली, पेंढा रचला. डॉक्टरनी जड उचलू नको सांगितलंय म्हणून मी भारा अर्धा करून दोन खेपा मारते. हे आपल्या दोघांत ठेव.

आता तुझं ऐक. वस्तू काय लिहितोस रं? मी तुला काय पितळी हंडा दिला, लग्नानंतर परत मागायला? दिली ती तुझी झाली. मी विसरले, मंग तू का रोज पोटावर हात ठेवून बसतोस?

हर्षलाच्या लग्नाचं तू काढलंस म्हणून लिहिते, एरवी लिहिणार नव्हते. नवरीला बोहल्यावर मामानं आणायची असते. तू नव्हतास म्हणून ह्यांच्या चुलतभावानं आणली.  येता येता दोनदा पोरीनं मांडवाच्या दाराकडं बघितलं. तुझं कारण तिला ठाऊक होतं, तरी बघितलं. मी मंडपात होते, मला दिसलं.

मी काय तुला मरायला जा म्हणत नाय. मला एवढंच सांग, नको असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या का तू आपलंच ठरवलंस? मला वाटतं तू विचारलंच नायस. तर आधी विचारून ये. नाय म्हणाल्या तर ऋषिकेशला मी दम देते. हो म्हणाल्या तर तुला देते.

नवे पोहे कांडलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवीन. समिधाला पापा. माया हाय तशीच हाय, काळजी नसावी.

तुझी,
बाय


खालापूर,
८ डिसेंबर

ती. सौ. बायस,
सा. न. वि. वि.

पोहे पोचले. तुझा दमही पोचला. तू बरोबर ओळखलंस, मी विचारलंच नव्हतं.

पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी आधी मलाच विचारलं, की या वर्षात कचेरी सोडून घराबाहेर किती वेळा पडलात? मी म्हटलं, अकरा वेळा, सगळ्या वेळा तुमच्याकडेच. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, की तुम्हाला बरं केलं ते फक्त माझ्या दवाखान्यात येण्यासाठी नव्हे. मग धोका मात्र त्यांनी लपवला नाही. गर्दीत मास्क, जेवण गरम आणि गर्दी ओसरल्यावर, गॅलरीची खोली, गोळ्या आठवडाभर जास्तीच्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. आणि मुख्य म्हणजे कुणा कांजिण्या आलेल्याजवळ बसणं झालं, तर त्याच दिवशी फोन. चार दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. उशीर झाला तर हात बांधले जातात. मेलेल्या जंतूंच्या लसी मला चालतात, त्या त्यांनी तिथेच टोचल्या.

घरच्यांनी आपापल्या लसी पुऱ्या करायच्या हीही अट होती. ऋषिकेश-सुप्रियाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात. समिधाची दुसरी मात्रा राहिली होती. सुईला बघून तिने दवाखाना डोक्यावर घेतला. आजोबांना का नाही, त्यांना पण टोचा, म्हणून रडायला लागली. सुप्रियाने तिला समजावलं, की आजोबांना ही लस चालत नाही, म्हणून आजोबांच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची. पोरीने डोळे पुसले. एका दंडावर टोचून झालं तर दुसरा दंड पुढे केला. म्हणाली, आता आजोबांची या हातावर द्या.

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. कंपाउंडरला वाटलं मला चक्कर आली.

बोटवाल्यांचा फॉर्म भरला. कांजिण्यांची लस घेतली आहे काय, याच्यापुढे ‘नाही, घेता येत नाही’ असं लिहून बाईंचा दाखला जोडला. त्यांचं होकाराचं उत्तर आलं. तरी माझं मन अजून काठावरच आहे. तुला खोटं कशाला सांगू?

दाजींच्या गुडघ्याला काय म्हणतात? उत्तर लिही, वाट बघतो.

तुझा,
सदू


खालापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
ऋषिकेशचा शि. सा. नमस्कार.

आत्या, मी तुला पत्र लिहितोय हे बाबांना माहीत नाही. मला पत्र लिहिता येत नाही, चुकलं तर हसू नकोस.

बाबा आता तयारीला लागलेत. सकाळी गच्चीत वीस फेऱ्या मारतात. परवा स्वतःहून म्हणाले की शर्ट घ्यायचाय. चार वर्षांत पहिल्यांदा. निळा, बारीक चौकड्यांचा. तो घालून आरशासमोर उभे होते आणि कॉलर एकदा वर, एकदा खाली करून बघत होते. मी दाराआडून पाहिलं. आई गेल्यापासून त्यांना असं मी पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हापासून मला झोप नाही. तिकिटं मी काढली. हट्ट माझा. ऑपरेशनच्या वेळी माझा रक्तगट जुळला नाही आणि तू पुढे आलीस. तू दिलंस आणि माझ्या हौसेमुळे ते गेलं, असं झालं तर? सुप्रिया म्हणते तयारी सगळी केली आहे, आता भिऊ नकोस. पण तयारी म्हणजे खात्री नव्हे ना. तू जाऊ नका म्हणालीस तर मी आजच तिकिटं रद्द करतो. तू खरं काय ते लिही.

तुझा,
ऋषी


पळसदरी,
२३ जानेवारी

चि. ऋषीस,
आत्याचे आशीर्वाद.

जा.

काय झालंच तर त्यात तुझा दोष नाय, हे मी आज शांत डोक्यानं लिहून देते. उद्या माझं मन फिरलं आणि मी तुला वाकडं बोलले, तर हा कागद माझ्यापुढं धर.

गच्चीत फेऱ्या मारताना कानटोपी घालायला सांग. सकाळचं धुकं वाईट.

तुझी,
आत्या


बोटीवरून,
४ फेब्रुवारी

ती. सौ. बायस,
सा. न. वि. वि.

मी गॅलरीत बसलोय आणि समोर काही नाही. खरंच काही नाही. तीस वर्षं मी लोकांच्या हद्दी मोजल्या, वीतभर बांधासाठी भाऊ भावाच्या अंगावर जाताना पाहिले. इथे मोजायला एक खुंटी नाही. सकाळपासून चारदा हसू आलं. 

सगळं बाईंच्या सांगण्याप्रमाणे चाललंय. जेवायला आम्ही शेवटी जातो. वाढणारा पोरगा आता ओळखतो, माझा भात वाफाळता आणतो. समिधाला शेजारच्या खोलीतली चार वर्षांची एक मुलगी मैत्रीण मिळाली आहे, नाशिककडची माणसं. आज दुपारी त्या मुलीच्या आईला बोट लागली, उलट्या सुरू झाल्या. नवरा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि पोरगी आमच्याकडे. उघड्या डेकवर मी गोष्ट सांगत होतो. ऐकता ऐकता ती माझ्या खांद्यावर झोपली. अर्धा-पाऊण तास झोपली असेल. माझा मास्क तिच्या हाताने खाली ओढला गेला होता. बाय, किती वर्षांनी परकं लेकरू असं अंगावर झोपलं! समिधालाही मी सर्दी असली की लांब ठेवतो. मी हललो नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

तू हे पाहायला हवं होतंस. उद्या पुढचं लिहितो.

६ फेब्रुवारी

पुढचं लिहितो म्हटलं होतं. लिहितो.

सकाळी दारावर थाप पडली. ऋषिकेशने उघडलं तर त्या मुलीची आई, दारापासून चांगली दहा पावलं मागे जाऊन उभी. रडत होती. म्हणाली, पोरीच्या अंगावर रात्री फोड दिसले, कांजिण्याच आहेत. सुप्रियाने पहिल्याच दिवशी गप्पांत तिला माझं सांगितलं होतं. ती म्हणाली, की बोटीच्या लोकांना कळवलं की आपल्याला खोलीत बंद करतील, एकच दिवस उरलाय, कशाला सांगतेस, असं नवरा म्हणत होता. पण काकांच्या खांद्यावर झोपली होती हो, म्हणाली.

मी आत पलंगावर होतो, सगळं ऐकत होतो. मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही. तिचा नव्हता. मी आतूनच ओरडून सांगितलं की मुलीला औषध वेळेवर द्या. 

बोटीवरच्या डॉक्टरने पनवेलला बाईंशी बोलून घेतलं. इंजेक्शन इथे नाही. उद्या सकाळी मुंबई, धक्क्यावरून थेट हॉस्पिटल. बाईंनी हिशेब केला, तिसरा दिवस, अजून वेळ आहे.

 सुप्रिया सामान बांधते आहे. मी निळा शर्ट घडी करून ठेवला. बाय, तुझी माफी मागायला मला तोंड नाही.

सदू


खालापूर,
९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

बाबांचं बोटीवरचं पत्र याच पाकिटात घालतोय. इंजेक्शन परवा संध्याकाळी मिळालं. मुंबईत तीन ठिकाणी नव्हतं, चौथ्या ठिकाणी होतं. मुदतीत बसलं. आता अठ्ठावीस दिवस वाट पाहायची. कांजिण्या येतील किंवा येणार नाहीत. आल्या तर हलक्या येतील अशी आशा आहे. बाबा वरच्या खोलीत आहेत. जेवतात, पण कुणाशी बोलत नाहीत. तू इकडे येऊ नकोस, ते ऐकणार नाहीत. फक्त त्यांना लिही.

मला जे बोलायचं असेल ते बोल. तो कागद मी काढणार नाही.

ऋषी


पळसदरी,
१३ फेब्रुवारी

चि. सदूस,
बायचे आशीर्वाद, आजचे जास्तीचे.

ऋषीला सांग, दोन दिवस मी त्याच्यावर चिडले होते. ह्यांच्याजवळ वाट्टेल ते बोलले. मंग माझंच लिहिलेलं मला आठवलं आणि गप बसले. पोराला जवळ बोलाव. तोही वाट बघतोय.

माफी कसली मागतोस? तुला एक सांगते, जे कुणाला ठाऊक नाय. मी आठ वर्षांची आणि तू पाच. मला कांजिण्या आल्या. आईनं तुला त्याच दिवशी चौक गावी मामाकडं पोचवला. दीड महिना. मला पडवीत बाजेवर टाकलेली, कडुनिंबाचा पाला आणि बिनमिठाची पेज. तितं तुला खरवस मिळतो असं कुणीतरी येऊन सांगायचं. मी रडायचे, की सदूला जपतात, मला नाय. तू परत आलास तेव्हा मी तुझ्या दंडाला चावले होते. आठवतंय? आईनं मला मारलं, पण का चावलीस ते कुणी विचारलं नाय.

आता कळतं. मला आल्या, मी सुटले. तुला जपला, म्हणून तुला कधी आल्याच नाय, म्हणून आज हे. आईला काय ठाऊक? तिनं मायेनंच केलं. माणूस जपतो तो आपल्या परीनं जपतो, पुढचं त्याच्या हातात नसतं. आईला तू दोष देतोस का? मंग ऋषीला देऊ नको, आणि स्वतःलाही नको.

दुसरं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलातून पळाले होते. तुमाला सांगितलं, देवळात जाऊन येते. गेले पनवेलच्या स्टँडवर आणि कर्जतच्या गाडीत चढून बसले.  कंडक्टरनं कुठलं तिकीट विचारलं. मला पळसदरीला यायचं होतं, आणि तोंडातून आलं खालापूर. तुझं घर. तो म्हणाला, मावशी, ही गाडी तिकडून नाय जात. मी उतरले. एक चहा घेतला आणि परत आले.

म्हणून सांगते, मी काय मोठी देवी नाय. मी पण भ्यायलेच होते. भिऊन पण माणूस करतो ते करतोच. तू बोटीवर गेलास, पोरीला खांद्यावर झोपवलंस, चांगलं केलंस. आता भी, पण जेव. आणि खाली सगळ्यांशी बोल.

मी तुझ्यावर रागावले तर तुला आधी कळवीन.

तुझी,
बाय


खालापूर,
१२ मार्च

ती. सौ. बायस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. चावलेलं आठवतं. का ते आज कळलं.

ऋषिकेशने फोन करून दाजींना वेळोवेळी कळवलंच आहे, पण माझ्या हाताने लिहितो. अठराव्या दिवशी पोटावर तीन फोड दिसले. समिधाने जिन्यातून ओरडून विचारलं, आजोबा, किती? मी म्हटलं तीन. शेवटी चौदा झाले. ताप एकशेदोन. हॉस्पिटलात सलाईनमधून औषध सात दिवस. एक्स-रे काढायला नेलं तेव्हा मी खरोखर घाबरलो. छाती स्वच्छ निघाली. किडनीचे आकडे दोन दिवस वर गेले, तेव्हा बाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी उतरले. परवा त्यांनी मला पूर्ण मोकळं केलं. त्या म्हणाल्या, की इंजेक्शन चार दिवसांत बसलं नसतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणजे त्या पोरीची आई दारावर आली नसती तर. रोज ती सुप्रियाला निरोप पाठवायची, काका कसे आहेत. आम्ही बोटीवर यायलाच नको होतं, असं म्हणायची. मी तिला पत्र लिहिलं. लिहिलं, की तुमच्या लेकीची झोप मी परत करणार नाही, ती माझ्याकडेच राहू द्या. आणि तुम्ही खरं बोललात म्हणून मी हे पत्र लिहायला आहे.

परत बोटीवर जाईन का? माहीत नाही. खोटी हिंमत दाखवत नाही. पण ऋषिकेश त्या दिवशी माझ्या पायाशी बसून पुष्कळ रडला, मीही रडलो, आणि त्यानंतर आमच्या घरात चार वर्षांनी भांडण झालं. चक्क टीव्हीवरून. मला फार बरं वाटलं.

बाय, माझं एक ठरलंय. ऑपरेशन झाल्यापासून मी पळसदरीला आलो नाही. तू दोन-तीनदा आलीस, मी तुला दारातून वळवलंही आहे, खोकला आहे म्हणून. रविवारी २३ तारखेला मी येतो. बसने, एकटा. ऋषिकेश गाडीने सोडतो म्हणाला, नको म्हटलं. मास्क लावीन, पाणी माझं आणीन, गर्दीच्या वेळी प्रवास करणार नाही. बाईंना विचारलंय, हो, या वेळी विचारलंय. दुपारी जेवून संध्याकाळी परत.

येऊ ना? तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तुझा,
सदू


पळसदरी,
१६ मार्च

चि. सदूस,
बायचे आशीर्वाद.

येऊ ना, असं बहिणीला विचारतात काय रं?

उकळून गार केलेलं पाणी तयार ठेवते, ओझं आणू नको. भाकरी तव्यावरून थेट तुझ्या ताटात. मीठ कमी, मला ठाऊक हाय. कोंबडी कापू नका, त्याला चालत नाय, असं ह्यांना चारदा सांगितलं. ह्यांचं तोंड पडलंय. जेवण झालं की मागच्या पडवीत बाज टाकते, वारा असतो, थोडा पड.

वाडीत सगळ्यांना सांगून आले. ज्याला सर्दी-खोकला, ज्याच्या घरात पोराला ताप, त्यानं रविवारी आमच्या ओटीवर यायचं नाय. कुणाला राग आला नाय. शेजारच्या विमलबाईच्या नातवाचं नाक वाहतंय, म्हणून ती शनिवारीच त्याला वाडीच्या टोकाला राहणाऱ्या मंगळीकडं नेऊन ठेवणार. मंगळीनं घरं फिरून विचारलं, कोण शिंकतंय.

वाडीतल्या गजाला खोकला हाय. तुझ्यासंगं हायस्कुलात होता ना, त्याला तुला बघायचंच हाय. मी नाय म्हटलं. तर तो म्हणाला, वहिनी, मी तिकडं शेताच्या बांधावर उभा राहतो. सदूला फक्त ओटीवर उभा करा, मी लांबून हात दाखवतो आणि जातो.

तर जेवायच्या आधी थोडा वेळ ओटीवर उभा राहा. तो बांधावर असेल.

तुझी,
बाय